मोटरसायकल : आपल्या हवेत, आपल्या रस्त्यांवर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला होता ‘वाहन सुरक्षा’. विषय चांगला आहे, पण एवढ्या मोठ्या विषयावर भाषण सुरू झालं की लोक वडापावच्या टेबलाकडे बघायला लागतात. म्हणून मी तो लहान करून घेतला. आज दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते तेव्हा मी पार्किंगमध्ये एक फेरी मारली आणि आपल्या सगळ्यांच्या मोटरसायकली बघितल्या. नावं घेणार नाही, गाड्यांचे नंबरही सांगणार नाही. पण निम्म्याहून जास्त गाड्यांच्या चेन कोरड्या ठणठणीत आहेत, आणि तीन गाड्यांचा मागचा टायर माझ्या डोक्यासारखा झालाय. तेव्हा आज फक्त मोटरसायकलबद्दल बोलू.

मला ओळखत नसलेल्यांसाठी सांगतो. मी बी विंगमधला. तारापूर एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात मेंटेनन्सला बत्तीस वर्षं काढली. फिटर म्हणून लागलो, सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. गॅरेज माझं कधीच नव्हतं. पण पंप, गिअर, बेअरिंग, चेन, ब्रेक यांच्यातच आयुष्य गेलं आणि मोटरसायकलमध्ये यापेक्षा वेगळं काही नसतं. कारखान्यात देखभालीचे दोन प्रकार असतात. मशीन बंद पडल्यावर धावायचं तो एक. बंद पडू नये म्हणून आधीच बघायचं तो दुसरा. कंपनीतल्या पंपाच्या बाबतीत आपण सगळे दुसऱ्या प्रकारचे असतो, कारण तिथे शिफ्टला रजिस्टरवर सही करावी लागते. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र सगळे पहिल्या प्रकारचे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा खाली किती गाड्या होत्या आठवतं का? दोन-चार स्प्लेंडर, एक-दोन सीडी हंड्रेड, एक आरएक्स हंड्रेड जिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा, आणि सकाळी आडवी करून मग किक मारायला लागायची ती चेतक. लुना होती, एम एटी होती. नंबरप्लेट सगळ्या एमएच ०४, कारण तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. आता बहुतेक प्लेट एमएच ४८ आहेत, आणि एका फ्लॅटमागे एक नाही, दोन-दोन गाड्या आहेत. जागेवरून जनरल बॉडीत भांडणं होतात ती वेगळी.

हे भांडण होतं कारण गाडीशिवाय इथे चालत नाही. फर्स्ट शिफ्टला रिक्षा मिळत नाही. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली, तेव्हापासून मुंबईला नोकरी करणारे पहाटे गाडी स्टेशनला लावतात आणि रात्री उचलतात. मुलीला क्लासला सोडायचं, आईला पालघरला डॉक्टरकडे न्यायचं, सगळं त्याच एका सीटवर. आणि ह्या गाडीला आपण कुठे ठेवतो बघा. पश्चिमेला समुद्र, तिथून खारी हवा. मध्ये एमआयडीसी, तिथली हवा काय असते ते सांगायला नको. वर जून ते सप्टेंबर पाऊस. कंपनीच्या पुस्तकात जे सर्व्हिसचं वेळापत्रक छापलेलं असतं ते सगळ्या देशासाठी एकच असतं. आपल्या हवेत ते वेळापत्रक थोडं आधीच पाळायला हवं.

सुरुवात चेनपासून करतो, कारण तीच सगळ्यात जास्त मार खाते आणि तिच्याकडेच कोणी बघत नाही. ज्यांच्या गाडीला पूर्ण चेनकव्हर आहे त्यांना वाटतं आत सगळं ठीक आहे. त्या कव्हरला एक रबरी बूच असतं. ते काढा, बोट लावा, कळेल. साधारण पाचशे किलोमीटरला चेनला तेल लागतं. पावसाळ्यात भिजून आलात की त्याच आठवड्यात. तेल म्हणजे नव्वद नंबरचं गिअर ऑईल किंवा बाटलीत मिळतो तो चेन स्प्रे. ग्रीस थापू नका. ग्रीस आत कडीपर्यंत जात नाही, वरच बसतं आणि वाळू धरून ठेवतं. मग ती चेन राहत नाही, पॉलिश पेपर होतो. आधी केरोसिन आणि जुना टूथब्रश घेऊन साफ करा. हल्ली केरोसिन मिळत नाही अशी तक्रार येईल, तर डिझेल चालेल. पेट्रोल नको, आगीची भीती, आणि ज्या चेनमध्ये रबरी रिंगा असतात त्या खराब होतात. पुसून कोरडी करा, मग खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूने थेंब-थेंब तेल सोडत चाक हाताने फिरवा. जादा तेल फडक्याने पुसा, नाहीतर ते टायरवर उडतं. हे काम संध्याकाळी केलं तर रात्रभरात तेल मुरतं.

आता इथे थांबून एक गोष्ट जोरात सांगायची आहे. चाक हाताने फिरवा असं मी म्हणालो. काही जण शहाणपणा करतात. गाडी मेन स्टँडवर घेतात, इंजिन चालू करतात, पहिला गिअर टाकतात, चाक आपोआप फिरतं आणि मग फडकं लावून चेन पुसतात. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि फडक्यामागून बोटं जातात. बोट आणि स्प्रॉकेटचा दात यांच्यामध्ये काहीच उरत नाही. कारखान्यात फिरत्या मशीनला हात लावायचा असेल तर आधी स्विच बंद, त्याला कुलूप, आणि कुलपाची किल्ली ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात. घरीही तेच. न्यूट्रल, इंजिन बंद, किल्ली खिशात. शेजारी लहान मूल खेळत असेल तर दुप्पट काळजी. त्यांना फिरणारं चाक फार आवडतं.

चेन किती सैल हवी? दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध खालची चेन बोटाने वर-खाली करा. रोजच्या वापरातल्या गाडीला साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो. चाक फिरवत चार ठिकाणी बघा, कारण झिजलेली चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असते. फार ताणली तर बेअरिंग जातं, फार सैल असली तर स्प्रॉकेटवरून उडी मारते, आणि चालत्या गाडीत मागचं चाक जाम होऊ शकतं. ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि बरेच जण एक विसरतात: चाक मागे सरकलं की मागच्या ड्रम ब्रेकची दांडी ओढली जाते. म्हणजे चेन ताणल्यावर ब्रेकचं पेडल परत लावून घ्यायचं, नाहीतर ब्रेक घासत राहतो आणि ‘अॅव्हरेज का देत नाही’ म्हणून पेट्रोल पंपाला शिव्या बसतात. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागच्या बाजूला बोटांनी ओढून बघा. अर्धा दात दिसला की तिचा कारभार संपला. तेव्हा चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेट बदला. नुसती चेन बदलून वाचवलेले पैसे सहा महिन्यांत परत द्यावे लागतात.

इंजिन ऑईलचं थोडक्यात सांगतो. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर लावा, पातळी बघा. काळं झालं म्हणजे खराब झालं असं नसतं, पण पातळी कमी झाली तर इंजिन जातंच. आणि घरात कारचं ऑईल उरलंय म्हणून ते मोटरसायकलमध्ये ओतू नका. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारच्या तेलाने तो घसरायला लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए टू’ लिहिलेलं बघून घ्या. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांना बहुतेक इंजेक्शन आहे, कार्बोरेटर नाही. त्यांची टाकी रिकामी होईपर्यंत चालवू नका, कारण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून पावसात टाकीच्या झाकणाचं रबर आणि झाकणाखालची पाणी जायची बारीक नळी तुंबलेली नाही ना, एवढं बघा.

पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला काळं तेल मारून घ्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. पत्रा वाचतो हे खरं. पण ते मारणारा पोरगा फवारा कुठे धरतो याकडे उभं राहून लक्ष द्या. ड्रमवर, डिस्कवर किंवा टायरवर उडालं तर पत्रा वाचेल, माणूस नाही. धुताना जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि वायरींच्या जोडांवर धरू नये. आणि ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालणं म्हणजे गाडीला घाम फोडणं. तिला वाळू द्या, मग झाका.

पोरांसाठी एक खास. केळव्याला, चिंचणीला जाता, जरूर जा. पण रीलसाठी गाडी ओल्या वाळूत उतरवू नका. खारं पाणी चाकाच्या तारांत, चेनमध्ये, सायलेन्सरच्या खाली जातं आणि महिन्याभरात गंज बोलायला लागतो. उतरवलीच तर त्याच दिवशी घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा. सातपाटीला मासळी आणायला जाणाऱ्यांनो, पिशवीतलं बर्फाचं पाणी सायलेन्सरवर ठिबकतं, त्यानेसुद्धा तेच होतं.

आता टायर. हवा महिन्याला तरी तपासा, आणि टायर थंड असताना. गाडीवर स्टिकर असतो. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना पुढे पंचवीस आणि मागे एकटे असताना अठ्ठावीसच्या आसपास असतं, डबल सीटला मागे जास्त. आपला स्टिकर वाचा, पंपावरच्या मुलाला ‘अंदाजाने मार’ म्हणू नका. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं असतात. त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. नक्षी कशासाठी असते? कोरड्या रस्त्यावर तिचा फारसा उपयोग नाही. ती पाणी बाजूला सारायला असते. म्हणजे गुळगुळीत टायर मेपर्यंत काही बोलत नाही, आणि जूनच्या पहिल्या सरीत एकदम बोलतो.

यातून ब्रेककडे येऊ. माझ्या मते सगळ्या भाषणात ऐकण्यासारखं एवढंच आहे, त्यामुळे ज्यांना झोप लागली असेल त्यांना शेजाऱ्याने कोपर मारावं.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा मीटर. समोर म्हैस आली. डोळ्यांनी बघितली, मेंदूला कळलं, हात ब्रेकवर गेला, याला धडधाकट माणसाला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात सतरा मीटर गेले, अजून ब्रेक लागलेलाच नाही. त्यानंतर चांगला टायर, चांगला ब्रेक, कोरडा डांबरी रस्ता असेल तर आणखी वीसेक मीटर. झाले सदतीस. ओल्या रस्त्यावर हेच पन्नासच्या पुढे जातात. मी काल टेप घेऊन मोजलं: आपल्या गेटपासून सी विंगच्या जिन्यापर्यंत चाळीस मीटर आहे. म्हणजे गेटवर म्हैस दिसली तर कोरड्यात तुम्ही जिन्याच्या जरा अलीकडे थांबता आणि पावसात जिना चढून वर जाता. हेच ताशी ४० ने असाल तर कोरड्यात सगळं मिळून वीस मीटर. वेग दीडपट केला की ब्रेकचं अंतर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं.

आणि ब्रेक कुठला? आपल्याकडे सायकलवर शिकताना प्रत्येकाला सांगितलेलं असतं, ‘पुढचा ब्रेक मारू नको, पालथा पडशील.’ ती शिकवण डोक्यात इतकी बसलीय की कित्येक जण वर्षानुवर्षं फक्त पायाचा ब्रेक वापरतात. गाडी थांबायला लागली की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. हलकं झालेलं चाक काय थांबवणार? ते घसरतं आणि गाडीचं शेपूट फिरतं. थांबण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं. दोन्ही ब्रेक एकदम, पण पुढचा लिंबू पिळल्यासारखा, हळूहळू वाढवत. झटका दिला तर मात्र आजोबांचं म्हणणं खरं होईल. वळणावर, वाळूवर, सांडलेल्या तेलावर पुढचा जपून; तिथे वेग आधीच, सरळ रस्त्यावर असतानाच कमी केलेला असावा. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचा जोडब्रेक किंवा एबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं आहे. ज्यांच्या गाडीत जोडब्रेक आहे त्यांनी असं समजू नये की पायाने सगळं होतं. हाताचा लावायचाच. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर ताशी ३० ने जाऊन दहा वेळा थांबून बघा. ज्या दिवशी म्हैस येते त्या दिवशी शिकायला वेळ नसतो.

ब्रेकची देखभाल सोपी आहे. ड्रमला बाहेरून बाण असतो, ब्रेक दाबल्यावर तो खुणेला पोचला की लायनर संपलं. डिस्कच्या पॅडला खाच असते, ती दिसेनाशी झाली की पॅड संपला. डिस्कचं तेल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदला; आपली हवा किती दमट आहे ते तुमच्या मिठाच्या बरणीला विचारा.

आता रस्ते. चिल्हार रस्ता, पालघर-मनोरची वाघोबा खिंड, पुढे हायवे, आणि आपले एमआयडीसीतले अंतर्गत रस्ते. यांतल्या प्रत्येकाची खोड वेगळी. खिंडीत वळणावर माकडांना खायला घालायला गाड्या थांबलेल्या असतात. आपण वळतो तेव्हा समोर उभी गाडी. बुलेट ट्रेनचं, एक्स्प्रेसवेचं काम चालू आहे, डंपरमधून पडलेली माती पहिल्या पावसात साबणासारखी होते. जुलैत चिखलणी झाली की शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, त्यांच्या चाकांचा चिखल वळणावरच पडलेला असतो. एमआयडीसीत टँकर वळताना त्याच्या डाव्या अंगाने घुसायचं नाही. टँकरच्या आरशात त्याच्या ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. रुळांवरून जाताना चाक रुळाला काटकोनात, आणि रुळावर असताना ब्रेक नाही. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं ओली असली की तेच. आणि मोरीवरून पाणी वाहत असेल तर पलीकडच्या माणसाने हात दाखवला म्हणून घालू नका. सायलेन्सरमधून, एअर फिल्टरमधून पाणी गेलेली गाडी सेल्फ मारून बघायची नाही. इंजिनात पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत आणा, मेकॅनिकला दाखवा.

नाईट शिफ्टवाल्यांना वेगळं सांगतो. अकरा ते सात करून सकाळी निघालेला माणूस दारू प्यायलेला नसतो, पण मेंदूची तऱ्हा फार वेगळी नसते. डोळा लागल्याचं त्यालाच कळत नाही. तीन-चार सेकंदांची डुलकी. ताशी ५० ने तेवढ्यात गाडी चाळीस-पन्नास मीटर एकटीच जाते. तोंडावर पाणी मारलं, गाणी लावली, याने पाच मिनिटं जातात, झोप जात नाही. चहा प्यायलात तर त्याला चढायला वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ कँटीनमध्ये डोकं टेकून डोळे मिटा आणि मग निघा. घरच्यांनीही ‘अजून कसे आले नाहीत’ म्हणून सात दहाला फोन लावू नये.

हेल्मेटबद्दल एक गंमत. एमआयडीसीत शिफ्ट सुटायच्या-भरायच्या वेळी गेटपाशी उभे राहा. गेटच्या पन्नास मीटर अलीकडे कोपरावरचं हेल्मेट डोक्यावर जातं, कारण सिक्युरिटी आत सोडत नाही. बाहेर पडल्यावर पन्नास मीटरला ते परत कोपरावर. कोपराला एवढं जपणारी माणसं जगात दुसरीकडे नसतील. हेल्मेट आयएसआय मार्कचंच हवं, जून २०२१ पासून दुसरं विकायलाही बंदी आहे. पट्टा लावलेलाच हवा. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पोचतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट दिसायला चांगलं असलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, ते बदला.

आणि मागे बसणारीचं काय? सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. तेव्हा सगळ्या देशाला कळलं की मागे बसणाऱ्यालाही जीव असतो. मोटरसायकलला हे अजून कळलेलं नाही. आमच्या खात्यातला एक फिटर, नाव सांगत नाही, श्रावणात बायकोला माहेरहून घेऊन येत होता. वेग फार नव्हता. रिमझिम, मागचा टायर गुळगुळीत, वळणावर गाडी घसरली. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, त्याला खरचटलं. तिच्या डोक्यावर पदर होता. तीन आठवडे ती हॉस्पिटलात होती. वाचली, चालते-बोलते, सगळं करते. फक्त तिला वास येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, डोकं आपटलं की नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू तुटतात, ते परत जुळतीलच असं नाही. घरात पोळी करपली तर सगळ्यात शेवटी तिला कळतं. गॅस चालू राहिला तर कळतच नाही. त्याने स्वयंपाकघरात गॅसचा वास ओळखणारं यंत्र बसवलंय आणि तो कामावर असताना दुपारी दोनदा फोन करतो. मला तो एकदा म्हणाला, ‘नातवाच्या डोक्याचा वास तिला घेता येत नाही, ते तिला सगळ्यात जास्त लागतं.’

साडीगार्डचंही असंच. पोरं ‘लूक जातो’ म्हणून नवी गाडी आणल्या दिवशीच ते काढून ठेवतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण, धरायला हँडल आणि पाय ठेवायला फुटरेस्ट हे मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे. ओढणी, पदर, रेनकोटचं टोक, तिन्ही बसण्याआधी खोचून घ्यायचे. लहान मुलांसाठीही नियम आहे: फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मागे बांधायचा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. टाकीवर पुढे बसवून सोसायटीत चक्कर मारणारे सगळे बाबा मी बघितलेत.

आणि अठराच्या आतल्यांना चावी देणारे बाबाही बघितलेत. २०१९ च्या सुधारित कायद्यात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. दहावीला नव्वद टक्के पडले म्हणून चावी देणाऱ्यांनी हिशोब करावा.

कागदांचं एक, कारण हे बायकांना माहीत असायला हवं. नव्या गाडीबरोबर थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा मिळतो, तो संपतो तेव्हा कोणी आठवण करत नाही. त्याच्यासोबत गाडीच्या मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमाही असतो, पण तो बऱ्याचदा एकाच वर्षाचा घेतलेला असतो, आणि चालवणाऱ्या मालकाकडे चालू लायसन्स नसेल तर मिळत नाही. आज घरी गेल्यावर कपाटातला तो कागद काढून दोन्ही तारखा बघा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. श्वास अडकत नसेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, पाणी पाजू नका.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितलंय. सी विंगच्या पार्किंगमध्ये मी डिझेलचा डबा, चार टूथब्रश, फडकी, नव्वद नंबरचं ऑईल आणि हवेचा गेज ठेवलाय. ज्यांना चेन बघून घ्यायची आहे त्यांनी वडापाव खाऊन गाडी मेन स्टँडवर लावावी, न्यूट्रल करावी, किल्ली खिशात घालावी. मी एका टोकाकडून सुरू करतो.